शोकाची भाषा आणि सांत्वनाचे वचन : धार-देवासच्या निमित्ताने

१

धार आणि देवास ही नावे उच्चारली की मराठी वाचकाच्या मनात पहिल्याने पवारांची घराणी उभी राहतात. अठराव्या शतकात मराठी फौजांबरोबर माळव्यात गेलेल्या या घराण्यांनी तेथे आपली संस्थाने स्थापिली. देवासास तर एकाच नगरीत थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या नांदल्या. धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, ही गोष्टही इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ पासून तो प्रदेश मध्य प्रदेशाचा भाग आहे. दरबाराची, कारकुनीची आणि घरातल्या देव्हाऱ्याची भाषा मराठी आणि भोवतालच्या रयतेची माळवी, निमाडी किंवा भिली, असे दुहेरी जीवन येथील मराठी घरांनी कित्येक पिढ्या अनुभवले.

प्रस्तुत लेखात आम्हांस या दोन नगरांचा राजकीय इतिहास सांगावयाचा नाही. ख्रिस्ती श्रद्धा आणि ख्रिस्ती शास्त्र यांपासून दुःखी मनास जे सांत्वन लाभते म्हणतात, त्याचे स्वरूप काय, आणि ते सांत्वन मराठी मनापर्यंत कोणत्या वाटेने आले, हा आमचा विषय आहे. या विषयाच्या दोन बाजू धार आणि देवास येथे जितक्या स्पष्टपणे समोरासमोर येतात तितक्या क्वचितच कोठे आल्या असतील. धारमध्ये शास्त्रवचन रुग्णाच्या खाटेपाशी आले. आणि देवासच्या अनुभवातून जी जगप्रसिद्ध कादंबरी निर्माण झाली, तिच्यात तेच वचन एका वृद्ध ख्रिस्ती स्त्रीच्या कानी अर्थशून्य होऊन पडले. एकाच शास्त्राचा हा दुहेरी अनुभव कसा, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत आहोत.

२

कॅनडातील प्रेसबिटेरियन मंडळीने १८७७ मध्ये इंदूर येथे आपले कार्य आरंभिले, आणि पुढील दोन दशकांत महू, नीमच, उज्जैन, रतलाम अशी तिची ठाणी माळव्यात पसरली. धारचे ठाणे १८९५ च्या सुमाराचे. या ठाण्याशी ज्या व्यक्तीचे नाव कायमचे जोडले गेले ती म्हणजे डॉ. मार्गारेट ओहारा. किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन त्या १८९१ मध्ये हिंदुस्थानात आल्या. प्रथम इंदुरास आणि मग धारेस त्यांनी स्त्रियांच्या शुश्रूषेचे कार्य केले. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी माळव्यात घालविला, आणि उतारवयात 'लीफ ऑफ द लोटस' या नावाने आपल्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

पडद्यातील स्त्री पुरुष वैद्यास नाडी दाखवीत नसे, अशा काळी स्त्री वैद्याचे येणे म्हणजे केवळ औषधाचे येणे नव्हे. बाळंतपणात दगावणारी सून, अपत्यशोकाने खचलेली माता, घराच्या मागल्या खोलीत आयुष्य कंठणारी विधवा, यांच्याजवळ बसून त्यांचे ऐकून घेणारे परके माणूस प्रथमच उंबरठ्याच्या आत आले. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ चा म्हणून माळव्यात, गुजराथेत आणि राजस्थानात तो 'छप्पनिया' या नावाने अजून लोकांच्या तोंडी आहे. माळव्याचा लौकिक असा की तेथे पाऊलापाऊलावर पाणी आणि घरोघरी भाकर. त्या भूमीस दुष्काळाची सवय नव्हती, म्हणूनच तो घाव अधिक खोल गेला. १८९१ आणि १९०१ च्या खानेसुमाऱ्या ताडून पाहिल्या तर या प्रदेशातील लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. आईबाप गमावलेली मुले मिशनांच्या अनाथगृहांत आली. धारही याला अपवाद नव्हते.

या मुलांपुढे प्रथम कोणते शास्त्र वाचले गेले असेल? आम्हांस वाटते, प्रथम पेज वाढली गेली. हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. ख्रिस्ती शास्त्रात ईयोबाचे जे पुस्तक आहे त्यात या गोष्टीचे मर्म सांगितले आहे. संतती, संपत्ती आणि आरोग्य एकदमच हरपलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र समाचारास येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निमूट बसतात. त्यांच्या हातून जे खरे सांत्वन घडले ते एवढेच. आठव्या दिवशी ते बोलू लागतात, दुःखाची कारणमीमांसा करू लागतात, आणि त्या क्षणापासून ते ईयोबास असह्य होतात. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा रोष होतो तो ईश्वराशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर ईश्वराची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. शास्त्राने सांत्वन कसे करू नये, हे शास्त्रानेच इतक्या स्पष्टपणे सांगून ठेविले आहे!

३

आता देवासकडे वळू. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ मध्ये आणि पुन्हा १९२१ मध्ये देवासास आले. दुसऱ्या खेपेस थोरल्या पातीचे अधिपती तुकोजीराव पवार यांचे चिटणीस म्हणून त्यांनी काही महिने काढिले. येथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला. 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात त्या दिवसांतील पत्रे आली आहेत, आणि १९२४ च्या 'ए पॅसेज टु इंडिया' या कादंबरीचा शेवटचा भाग त्याच उत्सवाच्या आठवणींवर उभा आहे.

या कादंबरीतील मिसेस मूर या भाविक ख्रिस्ती आहेत. गुहेच्या अंधारात त्यांस एक प्रतिध्वनी ऐकू येतो. कोणी काहीही बोलले तरी त्याचे उत्तर एकच, एक पोकळ घुमणारा नाद. आणि त्या नादात त्यांच्या आयुष्याचे आधारवचन विरून जाते. सृष्टीच्या आरंभीच्या देववाणीपासून क्रुसावरील अखेरच्या उद्गारापर्यंत सारे शास्त्र त्या एका घुमण्यात सामावल्यासारखे त्यांस वाटते. त्यानंतर त्यांस कशातच रस उरत नाही, आणि स्वदेशी परतताना समुद्रावर त्यांचा अंत होतो. फॉर्स्टर स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती नव्हते. तरीही एका श्रद्धावान स्त्रीच्या मनातील हा अंधार त्यांनी सहानुभूतीने रंगविला. कादंबरीच्या अखेरच्या भागात, कृष्णजन्माच्या सोहळ्यात, ईश्वर हा प्रीतिरूप आहे असे सांगणारे योहानाच्या पत्रातील प्रसिद्ध वचन इंग्रजीत लिहून टांगलेले दिसते. मात्र लिहिणाऱ्याच्या हातून त्यातील एका शब्दाची अक्षरे उलटसुलट झाली आहेत. आणि त्याच गजरात, भजनात तल्लीन झालेल्या ब्राह्मण प्राध्यापकाच्या मनात मिसेस मूर यांची मूर्ती प्रेमाने उभी राहते. जे वचन शुद्ध अक्षरांत असताना त्या वृद्धेस तारू शकले नाही, ते अशुद्ध अक्षरांत आणि परक्यांच्या उत्सवात तिच्यापर्यंत पोहोचले, असे वाटावे असा हा प्रसंग आहे.

धारचा इस्पितळातील अनुभव हा इतिहास आहे आणि देवासचा हा प्रसंग काव्य आहे, हे आम्ही विसरत नाही. पण काव्यानेही एक सत्य पुढे ठेविले आहे. शास्त्रवचन पाठ असणे निराळे आणि त्याने शोकात आधार देणे निराळे. मिसेस मूर यांस वचनांची वाण नव्हती. त्या क्षणी त्यांच्याजवळ कोणी नव्हते, आणि आपल्या अंधारास वाचा फोडील अशी भाषा त्यांच्यापाशी नव्हती. मराठीत ही भाषा कशी घडली, हे पाहण्यासाठी माळव्याबाहेर, गोमंतकापासून अहमदनगर-केडगावापर्यंत, नजर टाकिली पाहिजे.

४

मराठीत ख्रिस्ती शास्त्रकथा प्रथम ओवीच्या रूपाने अवतरली. फादर टॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले; जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांस पुराणश्रवणाची सवय होती, आणि ते श्रवण तुटल्याने त्यांच्या मनात जी पोकळी राहिली ती भरून काढावी, हा त्याच्या रचनेमागील हेतू. पुढे १७८४ मध्ये टिपू सुलतानाने कानडा जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांस पकडून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडेपर्यंत ती कैद चालली. धर्मगुरू नाहीत, देवालय नाही, अशा त्या काळात ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी या लोकांस धीर दिला, अशी परंपरा मंगळूरकडील ख्रिस्ती समाजात चालत आली आहे. ज्या समाजाची बोली कोकणी होती, त्याने आपत्काळी मराठी ओवीचा आश्रय केला. या परंपरेतून एवढे निश्चित दिसते की, जे शास्त्र गाता येते ते ग्रंथ हिरावला तरी उरते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी बायबलाचे गद्य भाषांतर हाती घेतले. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये मराठीत निघाला. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने हे काम नव्याने केले. या भाषांतरांच्या भाषेवर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती बहुतांशी रास्त आहे. तथापि एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यास जे ग्रीक नाव आहे, त्याचा मूळ अर्थ 'जवळ बोलाविलेला', साह्यास पाचारलेला असा आहे. इंग्रजीत त्याचे भाषांतर कोणी 'सांत्वन करणारा' असे केले, तर कोणी 'वकील' असे. प्रचलित मराठी बायबलात त्यासाठी 'कैवारी' हा शब्द योजिला आहे. दीनांचा कैवारी, अनाथांचा कैवारी हे शब्द मराठी माणसाने शतकानुशतके पंढरीच्या देवास उद्देशून उच्चारले आहेत. कैवारी अश्रू पुसतोच असे नाही. तो आपली बाजू घेतो. सांत्वनाचा हा अर्थ इंग्रजी प्रतिशब्दाहून अधिक खोल आहे, आणि तो मराठीच्या पोटातून आला आहे.

५

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा विषय हिंदु विधवांची स्थिती हा आहे, हे साऱ्यांस ठाऊक आहे. पण तिची रचना पाहावी : यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे ऐकते आणि अखेर स्वतःच विधवा होते. जी इतरांच्या शोकाची श्रोती होती तीच शोकाची धनीण होते, आणि तेव्हा ख्रिस्ती श्रद्धा तिचा आधार ठरते. प्रचाराचा हेतू लेखकाने लपविलेला नाही आणि कलेच्या दृष्टीने ग्रंथात उणिवा आहेत. तरीही मराठी कादंबरीचा आरंभ शोक ऐकून घेण्याच्या कृतीपासून झाला, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने लहान नाही.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. ज्या श्रद्धेने सांत्वन दिले तिच्याच स्वीकाराने त्या पिढीच्या घराघरांत शोकही निर्माण केला. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे हे बुंदेलखंडात जन्मलेले आणि काशीत वाढलेले मराठी पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांची कन्या एलन लक्ष्मी १८५३ मध्ये काशीत जन्मली. तिची आई तिच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारली, आणि ती परक्या कुटुंबांत व इंग्लंडात लहानाची मोठी झाली. ईश्वराच्या सन्निध लपून राहणाऱ्या जीवाच्या विसाव्याचे तिने रचिलेले इंग्रजी गीत १८८३ पासून इंग्रजी भाषिक ख्रिस्ती जगात सर्वत्र गाइले गेले. मातृहीन मराठी मुलीच्या हृदयातून निघालेले हे सांत्वनगीत मराठीत जन्मू शकले नाही, कारण आईबरोबर तिची भाषाही गेली होती.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. १८९३ मध्ये मध्य प्रांतातील राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. टिळक हे धार-देवासच्या कारकुनांप्रमाणेच हिंदी मुलखातील संस्थानात पोटापाण्यासाठी गेलेले मराठी गृहस्थ. तेथेच डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांस शांती लाभली. पण लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असता पतिवियोग, आणि तोही लोकापवादासह! चार-पाच वर्षांचा तो काळ लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मवृत्तात कोणावरही राग न धरता, पण काहीही न झाकता सांगितला आहे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो पतीच्या युक्तिवादाने हरून नव्हे. जातिभेदाची गाठ त्यांच्या मनात त्यांच्याच विचाराने सुटली, तेव्हा त्या आपल्या पायांनी चालत त्या श्रद्धेपर्यंत आल्या.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती मंडळीस जे दिले त्याचे मोल आता उमजावे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांचे अभंग, त्यांची कीर्तने यांच्या द्वारे मराठी ख्रिस्ती माणसास शोकाची जुनी भाषा परत मिळाली. देवाशी भांडणे, त्यास निष्ठुर म्हणणे, मग त्याच्याच पायांशी रडणे, हे नामदेव, जनाबाई आणि तुकाराम यांनी मराठीस शिकविले होते. गंमत अशी की हीच रीत बायबलातील स्तोत्रांचीही आहे. दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे; अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखानेच संपते, त्यात सांत्वनाचा एक किरणही शेवटी येत नाही. तरीही ते शास्त्रात ठेविले गेले, कारण अंधारातूनही ते कोणाला तरी उद्देशून बोलते आहे. मिशनच्या भाषांतरित गीतांत हे गाऱ्हाणे बहुधा दबून गेले होते. अभंगाने ते मोकळे केले.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. 'ख्रिस्तायन' या त्यांच्या महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच पुरे झाले होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात ते काम पुढे चालविले आणि साठांहून अधिक अध्याय रचिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या, आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. एके काळी ज्या ख्रिस्तचरित्राने त्यांचा संसार मोडला, तेच चरित्र ओवी-ओवीने रचीत त्यांनी आपले एकटेपण सोसले. या घटनेवर भाष्य करण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

६

पंडिता रमाबाई यांचे जीवन तर मृत्यूंच्या मालिकेतून गेले. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण. १८८० मध्ये भाऊ. १८८२ मध्ये पती. सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांस लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. उपाशी पोटी आपल्या माणसांस मरताना पाहिलेली ही स्त्री १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि निराधार मुली व विधवा घेऊन परतली. त्यांतून केडगावचे मुक्तिसदन वाढले. धारेस जे घडले तेच येथे घडले, पण येथे हात आणि वाणी दोन्ही एका मराठी स्त्रीची होती.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. हेतू हा की, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीस ते दुसऱ्याच्या मदतीवाचून समजावे. संस्कृतात पारंगत असलेल्या या पंडितेने जाणूनबुजून पांडित्य टाकून दिले. या भाषांतराची भाषा रुक्ष आहे, रूढ धार्मिक शब्द टाळण्याच्या हट्टाने ती जागोजाग अडखळते, असा आक्षेप घेतात. तो आम्हांसही मान्य आहे. टिळकांनी जो पूल वापरला तो रमाबाईंनी नाकारला, हेही खरे. पण दोघांची चिंता एकच होती : दुःखी माणसास वचन आपल्या कानांनी ऐकू यावे. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा वारली. ज्या संस्थेचा भार तिच्यावर सोपवावयाचा तीच गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

७

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे पुन्हा जाता येईल. धारेस शास्त्रवचनाने आधार दिला आणि देवासच्या कादंबरीत त्याच वचनाचा पोकळ नाद झाला, याचे कारण वचनात शोधून उपयोग नाही. धारेस वचनाच्या आधी हात आला होता. श्रीरंगपट्टणाच्या कैदेत ते ओवीच्या रूपाने जिभेवर होते. लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांच्या बाबतीत ते वाचावयाचे राहिले नव्हते, मराठीत घडवावयाचे काम झाले होते. शोक निवारून टाकील असे सामर्थ्य शास्त्राने कोठेही मिरविलेले नाही. शोकास बोलण्याची मुभा देणे, आणि ते बोलणे ऐकणारा कोणी आहे असा भरवसा देणे, एवढेच ते करिते; आणि हे एवढेही माणसाच्या सोबतीवाचून व मायबोलीवाचून बहुधा घडत नाही.

माळव्यातील मिशनचे लिखाण आणि उपासना मुख्यतः हिंदीत वाढल्या. पवारांच्या नगरांतील मराठी घरांनी आपल्या शोकात ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा उघडली. या दोन्ही गोष्टी स्वाभाविक होत्या. पण एकाच गावात, एकाच दुष्काळात, एका गल्लीत स्तोत्रातील गाऱ्हाणे वाचले जात असेल आणि दुसऱ्या गल्लीत अभंगातील, आणि दोहोंचा सूर इतका सारखा असूनही एकास दुसऱ्याची वार्ता नसेल, हे चित्र मनास चुटपुट लावणारे आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ख्रिस्ती वाङ्मयास आजवर बहुधा मिशनऱ्यांची कामगिरी किंवा छापखान्यांचा इतिहास या सदरात घातले. ते शोकवाङ्मयाच्या सदरात, संतांच्या करुणपर अभंगांच्या शेजारी ठेवून वाचले, तर त्याचे खरे स्वरूप दिसू लागेल, असे आम्हांस वाटते. टिळकांच्या पुलावरून एका बाजूनेच जा-ये व्हावी असा काही नियम नाही.